रामशास्त्री ‘नाही’ म्हणाले, पण पुढं काय? सत्तेला नक्की कोण अडवतं

मुठाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पुतणीला घेऊन शनिवारवाड्यात गेलो होतो. ती अकरावीला आहे, कला शाखेत, राज्यशास्त्र आवडतं. नारायण दरवाज्यापाशी मी तिला नेहमीची हकिगत सांगितली. ३० ऑगस्ट १७७३, गारदी आत घुसले, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला, चुलते रघुनाथराव गादीवर आले, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून त्याच रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवलं. देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. आपण सगळेच लहानपणापासून हे ऐकत आलो आहोत.

तिनं विचारलं, “मग काका, शिक्षा झाली का?”

म्हटलं, “नाही. शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले.”

“आणि राघोबादादा?”

“ते पेशवे झाले.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग शास्त्र्यांच्या निकालाचा उपयोग काय झाला?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन चार दिवस तेच डोक्यात आहे. रामशास्त्र्यांच्या निर्भीडपणाचं कौतुक आपण अडीचशे वर्षं करतोय, पण निकाल अमलात आला नाही हे सांगताना आवाज खाली आणतो. मला वाटतं खरा प्रश्न तिथंच आहे. सत्तेला ‘नाही’ म्हणणारा माणूस प्रत्येक काळात, प्रत्येक देशात कुठे ना कुठे निघतो. तो म्हणाला तर सत्ताधाऱ्याला ऐकावंच लागेल, अशी सोय कुठं होती आणि कुठं नव्हती?

हे दुसरं उदाहरण घ्या. २४ जुलै १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सांगितलं की वॉटरगेट प्रकरणातल्या तुमच्या संभाषणाच्या फिती द्या. आठ विरुद्ध शून्य असा निकाल. न्यायालयाजवळ ना फौज ना खजिना, आणि निक्सन तर सैन्याचे सरसेनापती. तरी त्यांनी फिती दिल्या आणि पंधरवड्यात पायउतार झाले. रामशास्त्र्यांपेक्षा ते आठ न्यायाधीश जास्त शूर होते असं मला वाटत नाही. शास्त्रीबुवांच्या मागे नसलेलं काहीतरी त्यांच्या मागे होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, यावर लिहा. वाचलेलं लिहा, अनुभवलेलं लिहा. पुतणीला हा धागा वाचायला देणार आहे.

माहुलीकर

चांगला विषय. आधी थोडी इतिहासाची बाजू. दरबारातले ते बाणेदार संवाद बखरी, नाटकं आणि शाळेची पुस्तकं यांतून आपल्यापर्यंत आले आहेत, ‘ध चा मा’सुद्धा तसाच. त्यावर फार भार टाकू नये. पक्कं आहे ते एवढं: चौकशी झाली, रघुनाथरावांवर दोष आला, शास्त्री पदावरून दूर झाले, आणि पुढं रघुनाथरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारभारात ते परत न्यायाधीश झाले. १७८९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, पुण्याचा न्याय त्यांच्याकडे होता.

तेव्हा “उपयोग काय झाला” याचं उत्तर बारभाईंमध्ये शोधायला हवं. रघुनाथराव मोहिमेवर बाहेर पडले आणि मागे नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेलं. मुलगा झाला. तो चाळीस दिवसांचा असताना त्याच्या नावानं साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रं आणली. आता बघा, छत्रपतींच्या हातात त्या वेळी खरी सत्ता काहीच नव्हती. तरीही वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. ती आली म्हणजे पेशवा खरा. जो रिवाज सगळ्या बाजूंना मोडता येत नाही, तो राज्यघटनेचंच काम करतो.

रघुनाथराव मग सुरतेला इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ चा तह झाला, लढाया झाल्या, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर कोपरगावला तनख्यावर दिवस काढून वारले. शास्त्र्यांचा निकाल शिक्षा म्हणून अमलात आला नाही हे खरं. पण ‘हा माणूस खुनी आहे’ हे न्यायाधीशाच्या तोंडून एकदा बाहेर पडल्यावर बारभाईंच्या बाजूला जाणं सरदारांना सोपं झालं, असं माझं मत आहे.

मुठाकाठ

माहुलीकर, साताऱ्याच्या वस्त्रांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. पण मग न्याय शेवटी दुसऱ्या सत्ताधाऱ्यांच्या सोयीवर टांगलेला राहिला ना? नानांना तो निकाल हवा होता म्हणून तो चालला. नको असता तर?

काळा_डगला

मी वकिली करतो, तेव्हा आपल्या घटनेबद्दल लिहितो. धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला थेट लागू पडणारा खटला आहे, आणि त्यात पुण्याचा माणूस आहे. दुर्दैवानं चुकीच्या बाजूला.

आधी चांगली बाजू. २४ एप्रिल १९७३, सर्वोच्च न्यायालयातला केशवानंद भारती खटला. तेरा न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, सात विरुद्ध सहा. संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. ही कल्पना आपल्याकडे आली तिचाही इतिहास आहे. डीटर कॉनराड हे जर्मन अभ्यासक १९६५ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात व्याख्यान द्यायला आले होते. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला स्वतःच्या आतूनच काही मर्यादा असतात, असा त्यांचा विषय. जर्मन माणसाला हा प्रश्न पडणं साहजिकच. २४ मार्च १९३३ चा अधिकारदान कायदा, म्हणजे संसदेला बगल देऊन सरकारला कायदे करू देणारा, हिटलरनं त्यांच्याच संसदेत दोनतृतीयांश मतांनी मंजूर करून घेतला होता. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत, सभागृहात गणवेशातले गुंड उभे, पण कागदोपत्री सगळं रीतसर. म्हणून १९४९ च्या त्यांच्या मूलभूत कायद्यात, म्हणजे घटनेत, कलम ७९(३) आलं: मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती करताच येणार नाही, बहुमत कितीही असो. बर्लिनमध्ये ठेच लागली, बनारसमध्ये ती कुणीतरी सांगितली आणि दिल्लीच्या न्यायालयात वकील नानी पालखीवालांच्या युक्तिवादातून ती कामी आली.

आता वाईट बाजू. तीनच वर्षांनी, २८ एप्रिल १९७६, एडीएम जबलपूर खटला. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे विनाखटला अटकेच्या कायद्याखाली, उचललेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते का? नऊ उच्च न्यायालयांनी, आपलं मुंबईही त्यात, होय म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी नाही म्हटलं. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं होतं की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं तर? सरकारच्या वतीनं उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर दाद नाही. हे ऐकूनही चौघांनी सरकारची बाजू उचलली. त्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. जन्म पुण्याचा, कायद्याचं शिक्षण इथल्या आयएलएस महाविद्यालयात. विरोधात एकटे हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून खन्नांऐवजी दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

म्हणजे तेच न्यायालय आणि तीच घटना. १९७३ ला गाभा वाचवणारं न्यायालय १९७६ ला माणसाचा जीव वाचवू शकलं नाही. हा निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं मोडीत काढला, आणि तो गंभीर चुकीचा होता असं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच चिरंजीव. पण तोवर ४१ वर्षं गेली होती.

येरवड्याची_लेक

वर मिसा शब्द वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे वडील येरवड्यात होते. मी तेव्हा नऊ वर्षांची. आईनं आम्हाला सांगितलं होतं, उच्च न्यायालयातून सुटतील, वकीलकाका म्हणालेत. एप्रिलअखेर शाळेचा निकाल लागला त्याच आठवड्यात तो दिल्लीचा निकाल आला. आईनं वर्तमानपत्र घडी करून पाटाखाली ठेवलं, आम्ही वाचू नये म्हणून. मी रात्री काढून वाचलं. काही कळलं नाही, पण चार आणि एक हे आकडे कळले. एकजण आपल्या बाजूला आहे एवढं कळलं.

मुठाकाठ, पुतणीला सांगा की तो ‘एक’ कामाला येतो. बाबा सुटले ते निवडणुकीमुळे, खन्नांच्या निकालामुळे नव्हे, हे मला माहीत आहे. पण आत असलेल्या माणसाला आणि बाहेर वाट बघणाऱ्याला, आपण वेडे नाही हे कुणीतरी न्यायाच्या खुर्चीवरून सांगावं लागतं. बाबा शेवटपर्यंत खन्नांचं नाव घेताना ‘साहेब’ म्हणत.

मुठाकाठ

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

हानकाठचा

मी मूळ कोथरूडचा, सहा वर्षं सोलमध्ये नोकरीला आहे. ३ डिसेंबर २०२४ ची रात्र मी इथं काढली. साडेदहाच्या सुमाराला (पुण्यात तेव्हा सातही वाजले नव्हते) राष्ट्राध्यक्षांनी दूरचित्रवाणीवर येऊन लष्करी कायदा पुकारला. संसदेच्या कामकाजावर बंदी. माझ्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या, १९८० साली ग्वांग्जूत लष्करानं आंदोलकांवर केलेला गोळीबार त्यांना आठवतो. त्या जिन्यात बसून रडत होत्या.

सैनिक हेलिकॉप्टरनं संसदेत उतरले, खिडक्या फोडून आत शिरले. कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबलं रचून दारं अडवली. बाहेर हजारो लोक जमले. खासदार कुंपणावरून चढून आत गेले, सभागृहाचे वयस्कर अध्यक्षही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: सगळे ‘लवकर मतदान घ्या’ म्हणत असताना अध्यक्ष ठराव रीतसर दाखल होईपर्यंत थांबले. कारण १९८७ च्या घटनेत कलम ७७ आहे की संसदेच्या एकूण सदस्यांच्या बहुमतानं मागणी झाली तर राष्ट्राध्यक्षाला लष्करी कायदा उठवावाच लागतो. तीनशेपैकी १९० हजर होते, १९० मतं पडली. पहाटे साडेचारच्या सुमाराला आदेश मागे. ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयानं एकमतानं राष्ट्राध्यक्षांना पदावरून काढलं.

मला विचाराल तर त्या रात्री तीन गोष्टी एकत्र आल्या. कलम होतं, ते वापरणारे खासदार होते आणि सैनिकांनी गोळी चालवली नाही. यातली एक नसती तर बाकीच्या दोन कमी पडल्या असत्या.

पर्वतीपायथा

सगळं वाचलं. चर्चा चांगली आहे, पण एक गोष्ट मला खटकते आणि ती स्पष्ट लिहितो. रामशास्त्र्यांच्या न्यायाचं आपण एवढं बोलतो, पण त्याच पेशवाईत माझ्या पूर्वजांना या पेठांमधून माणसासारखं चालता येत नव्हतं. त्यांच्यासाठी ‘सत्तेला मर्यादा’ म्हणजे पेशव्याला मर्यादा एवढंच कसं असेल? त्यांच्यावरची सत्ता शेजाऱ्याची होती, पाणवठ्याची होती, देवळाच्या पायरीची होती.

कायदा कागदावर असून काय होतं याचं उदाहरण महाड. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी पाणी कुणी घेऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चालत गेले, पाणी प्याले, आणि परतताना लोकांना मार खावा लागला. मग दिवाणी दावा. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला १९३७ साली. ठरावापासून मोजले तर चौदा वर्षं, एका ओंजळीसाठी. पुण्यात पर्वतीच्या मंदिरासाठी ऑक्टोबर १९२९ मध्ये सत्याग्रह झाला, त्यात सत्याग्रहींवर दगड पडले. मी ज्या पायऱ्यांवर रोज सकाळी व्यायामाला चढतो त्या याच.

म्हणून भारताच्या घटनेतलं सतरावं कलम मला जगातल्या घटनांमध्ये वेगळं वाटतं. बहुतेक घटना सरकारचा हात धरतात. हे कलम समाजाचाही हात धरतं: अस्पृश्यता नष्ट केली आहे, कुणीही पाळली तर गुन्हा. ‘कुणीही’ हा शब्द पुतणीला नीट समजावून सांगा.

माहुलीकर

पर्वतीपायथा, तुमचं म्हणणं मान्य, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. पेशवाईतल्या न्यायाबद्दल बोलताना तो कुणापर्यंत पोचत होता हे सोडून बोलणं अपुरं आहे.

आफ्रिकेतून_परत

बोट्स्वानात अकरा वर्षं शिकवत होते, तिथली एक गोष्ट सांगते. प्रत्येक गावात खोत्ला असतो. अर्धगोल लाकडी कुंपण, जवळ मोठं झाड, तिथं गावाची सभा भरते. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर प्रमुख, ज्याला खोसी म्हणतात, तो शेवटी बोलतो. त्यांची म्हण आहे, “खोसी के खोसी का मोराफे”. लोकांमुळे राजा तो राजा. घानातल्या अशांती लोकांमध्ये तर प्रमुखाला आसनावरून उतरवण्याची रीतसर पद्धत आहे. लिखित घटना येण्याच्या कितीतरी आधीपासून.

मला आपली गोतसभा आठवायची. वतनाचा तंटा असला की पाटील, कुलकर्णी, देशमुख, बलुतेदार बसत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी कागद, होई. त्यावर सहीऐवजी निशाणी, पाटलाचा नांगर वगैरे. राजालाही तो निवाडा सहजी उलटवता येत नसे. पर्वतीपायथा यांनी लिहिलेलं इथंही लागू आहे हे मी मान्य करते. खोत्लातही बायकांना बोलायला फार उशिरा मिळालं. पण ‘सत्तेला मर्यादा’ ही विलायतेहून आलेली कल्पना आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

काळा_डगला

ताईंशी सहमत. एक मात्र धोक्याची बाजू नोंदवतो. हल्ली सत्ता घटना मोडून वाढत नाही, घटनेचाच हात धरून वाढते. हंगेरीत २०१० नंतर एका पक्षाला दोनतृतीयांश जागा मिळाल्या. त्यांनी नवी घटना केली आणि न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय सत्तरवरून बासष्टवर आणलं. कितीतरी ज्येष्ठ न्यायाधीश एका फटक्यात घरी. गोळी नाही, रणगाडा नाही. ‘घटनेत आहे’ एवढ्यानं समाधान मानू नये.

प्रभागवासी

सोल आणि बुडापेस्ट राहू द्या, आपल्याच शहरातलं बघा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २४३-यू आलं. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, न्यायालयातल्या तारखा यांत तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं. तेव्हाही चार महिन्यांत झाल्या नाहीत.

प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकाकडे कायदेशीर कारण होतं. पण या सगळ्या काळात एकही नगरसेवक नसलेल्या शहराचं अंदाजपत्रक ठरत होतं. आणि आपण, मी धरून, रस्त्यावर आलो नाही. राष्ट्राध्यक्षानं संसद बंद केली तर सोलमध्ये लोक अडीच तासांत जमले. आपल्या सभागृहाला कुलूप होतं तेव्हा आम्ही खड्ड्यांबद्दल बोलत होतो.

मुठाकाठ

प्रभागवासी, हे वाचून मान खाली गेली. मी महापालिकेवरून रोज जातो.

एक जवळचं चांगलं उदाहरण राहिलं, ते सांगतो. औंध. आपलं ब्रेमेन चौकाजवळचं नव्हे, साताऱ्याकडचं संस्थान. १९३९ साली तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतःहून सत्ता सोडली आणि प्रजेला घटना दिली. मसुद्यासाठी गांधीजींचा सल्ला घेतला होता, राजपुत्र अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खपून काम केलं. ७२ गावांचं लहानसं संस्थान. गावानं समिती निवडायची, तिच्यातून तालुका, त्यातून विधिमंडळ. राजा जिवंत, धडधाकट, कुणी बंड केलेलं नाही, आणि तो म्हणतो की माझे हात बांधा. इतिहासाच्या पुस्तकात याला दोन ओळी तरी हव्यात.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता निम्मंअर्धं मिळालंय. रामशास्त्र्यांच्या मागे कलम ७७ नव्हतं, म्हणजे निकालानंतर आपोआप पुढची पायरी नव्हती. ‘अमुक घडलं तर सत्ताधाऱ्यानं अमुक करावंच लागेल’ असं आधी लिहून ठेवलेलं असलं तर नाही म्हणणाऱ्याला पुणं सोडावं लागत नाही. काळा_डगला, कोरियासारखी सोय आपल्या घटनेत आहे का?

काळा_डगला

आहे, आणि फार थोड्यांना माहीत आहे. १९७८ ची ४४ वी दुरुस्ती. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली तेव्हा मंत्रिमंडळाला विचारलंही नव्हतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मान डोलावली. म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी लागतो. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं. एकविसावं कलम, जगण्याचा हक्क, आणीबाणीतही थांबवता येत नाही. महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही विशेष बहुमतानं.

तुम्ही विचारता ती सोय कलम ३५२ च्या आठव्या उपकलमात आहे. लोकसभेच्या एकदशांश सदस्यांनी लेखी सूचना दिली की आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी चौदा दिवसांत खास बैठक बोलवावीच लागते. ठराव साध्या बहुमतानं मंजूर झाला की आणीबाणी संपली. लागू ठेवायला विशेष बहुमत, उठवायला साधं. ५४३ च्या सभागृहात ५५ सह्या पुरतात.

येरवड्याची_लेक

बाबांच्या कपाटात त्या दुरुस्तीच्या बातमीचं कात्रण आहे. ‘जगण्याचा हक्क’ या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली आहे, एक सरळ आणि एक थरथरती, बहुतेक म्हातारपणी परत काढून वाचताना. मुठाकाठ, पुतणीला पाहायचं असेल तर घेऊन या. मी नारायण पेठेत राहते, दुपारी चारनंतर घरीच असते.